कार्टरांची शिवळ

आडनाव सांगितलं की समोरचा माणूस एक तर ते पुन्हा विचारतो, नाही तर माझ्या गळ्याकडे पाहतो. तिथे क्रूस आहे का, हे त्याला बघायचं असतं. पुन्हा विचारणारे जास्त आणि गळ्याकडे पाहणारे कमी, असा माझा आजवरचा अंदाज आहे. लक्षात मात्र दुसरेच राहतात. आम्ही शेती करणाऱ्या जातीतले. दारात तुळस, घरात देव्हारा, आणि आडनाव कार्टर. बुलढाणा जिल्ह्यात या आडनावाचं दुसरं घर मला तरी कधी भेटलं नाही.

हे आडनाव आमच्याकडे बैलगाडीतून आलं. माझे आजोबा मेहकरकडच्या एका खेड्यातले. बैलावरून भावांशी भांडण झालं आणि ते तरुणपणीच घर सोडून मलकापूरला आले. मलकापुरात रेल्वे होती, कापसाची खरेदी होती, म्हणजे गाडी हाकता येणाऱ्याला काम होतं. एका विलायती कापूस कंपनीचा साहेब तेव्हा तिथे राहत असे. त्याचं आडनाव कार्टर. आजोबा त्याच्याकडे बंडी, म्हणजे मालाची बैलगाडी, हाकायला लागले. साहेब खेडोपाडी कापूस पाहायला निघाला की त्याची दमणी, म्हणजे माणसं बसायची हलकी गाडी, तीही तेच हाकत. बाजारात त्यांना ‘कार्टरचा गाडीवाला’ म्हणत. पुढे ‘गाडीवाला’ गळून पडला. साहेब विलायतेला परत गेला, बैल विकले गेले, दमणी मोडीत निघाली, आणि नाव आमच्याकडे राहिलं. बाबांना शाळेत घालायला शेजारी घेऊन गेला. मास्तरांनी विचारलं, कोणाचा मुलगा? तो म्हणाला, कार्टरचा. मास्तरांनी तेच लिहिलं.

खरं आडनाव काय, हे आजोबांनी कधी सांगितलं नाही. बाबांनीही विचारलं नाही. बाबा म्हणायचे, ‘त्याच्यासमोर गावाचं नाव काढलं की तो जेवताना ताट सारून उठे.’ बाबांचं लग्न ठरताना माझ्या आईच्या माहेरच्यांनी, म्हणजे जामनेरकडच्या लोकांनी, मुलगा दारू पितो का एवढंच विचारलं होतं. पीत नाही म्हटल्यावर तेवढ्यावर सोयरीक झाली.

बाबा कापूस बाजारात मापाडी होते. काटा धरायचा आणि वजन पुकारायचं, हे त्यांचं काम. व्यापारी आणि शेतकरी दोघेही त्यांच्या तोंडाकडे पाहत असायचे. काटा पूर्ण थांबल्याशिवाय ते आकडा बोलत नसत. घाई करणाऱ्याला म्हणायचे, ‘थांब ना बे, काटा बोलून राह्यला, त्याचं तं होऊ दे.’ आकड्यांची सवय मला त्यांच्याकडूनच लागली असावी.

आमच्या देव्हाऱ्यात देवांच्या मूर्तींशेजारी एक शिवळ होती. शिवळ म्हणजे बैलाची मान जुवात अडकून राहावी म्हणून जुवाला घालतात ती लाकडी खुंटी. बाभळीची, वीतभर लांब, हाताने गुळगुळीत झालेली. दसऱ्याला आई तिला हळदकुंकू लावायची. आमच्याकडे गाडी नव्हती, बैल नव्हते, तरी खुंटी होती. लहानपणापासून पाहिलेल्या वस्तूबद्दल माणूस प्रश्न विचारत नाही. मीही विचारला नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी खामगावला कॉलेजात होतो. हजेरी घेताना इंग्रजीचे प्राध्यापक माझ्या आडनावाशी थांबले. तास संपल्यावर त्यांनी मला बोलावून विचारलं आणि मी आजोबांची हकीकत सांगितली. ते खुर्चीत मागे टेकून हसले. म्हणाले, ‘तुझे आजोबा काय करायचे म्हणालास?’

‘गाडी हाकायचे.’

‘अरे, कार्टर म्हणजे तेच. गाडीतून मालाची ने-आण करणारा. नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून आलेला शब्द आहे. आपल्याकडे सुतार, लोहार असतात तसंच हे धंद्यावरून पडलेलं आडनाव.’

मग त्यांनी बरंच सांगितलं. इंग्लंडातली आडनावं सहा-सातशे वर्षांपूर्वी पक्की होत गेली. गावोगाव कुणी ना कुणी गाडी हाकत होतंच. ज्या त्या गावात त्याचं आडनाव कार्टर पडलं. म्हणून तिकडे हे आडनाव भरपूर आढळतं आणि तिथून ते अमेरिकेतही गेलं. पण सगळे कार्टर एका मुळातले नव्हेत. ‘दोन कार्टर लंडनच्या रस्त्यात भेटले, तर एकमेकांना भाऊ म्हणत नाहीत,’ असं ते म्हणाले. हे वाक्य मी मनात जपून ठेवलं. उपयोगी पडेल असं वाटलं म्हणून नव्हे, आवडलं म्हणून.

सुट्टीत घरी आल्यावर मी बाबांना अर्थ सांगितला. माझी समजूत होती की त्यांना वाईट वाटेल. साहेबाचं आडनाव म्हणून मनातून त्यांना थोडा तोरा होता. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

‘म्हंजे साहेबाचा आजाबी बंडीच हाकत होता?’

‘त्याचा नाही तर त्याच्या आज्याच्या आज्याचा कोणी तरी.’

‘मंग त्याचं आडनाव आपुन कुठं घेतलं बे? माह्या बापाचंच नाव त्यानं विलायतेत नेऊन ठेवलं होतं म्हन!’

आई चुलीपाशी होती, ती तिथूनच हसली. बाबा दोन दिवस बाजारात प्रत्येकाला हे सांगत होते.

पण हसणं लवकरच मागे पडलं. माझी मोठी बहीण, आम्ही तिला ताई म्हणायचो, लग्नाची होती. तिची दोन स्थळं आडनावावरूनच मोडली होती. मुलगी पाहून झाल्यावर, पोहे खाऊन झाल्यावर, पाहुण्यांनी कुठून तरी ऐकलेलं पसरवलं की हे बाटलेले लोक. तिसरं स्थळ मेहकरच्या पलीकडच्या बीबी गावचं. मुलगा आमच्याच तालुक्यात प्राथमिक शाळेवर मास्तर होता आणि ताईने त्याला एका नात्यातल्या लग्नात पाहिलेलं होतं. त्यानेही हिला पाहिलेलं होतं. ताई घरात बोलली नाही, पण ते पाहुणे येणार त्या दिवशी तिने सकाळपासून तीनदा अंगण झाडलं. हे स्थळ मोडलं तर ती चौथ्या वेळी पाहुण्यांसमोर बसणार नाही, हे आईने बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं.

मुलाचा काका आला. त्याची बोली जालन्याकडे झुकणारी. सगळं पाहून झालं, पसंती झाली, आणि त्याने सुपारी कातरता कातरता विचारलं, ‘पाव्हणं, राग मानू नका. पर ते कार्टर म्हंजे… किरिस्ताव तर न्हाई ना?’

बाबांनी त्याला हाताला धरून देव्हाऱ्यापाशी नेलं. काकाने हात जोडले. ‘मग झालं. मूळ आडनाव काय म्हणायचं?’

बाबा म्हणाले, ‘मूळ… माहीत नाही.’

‘माहीत न्हाई?’ काकाची सुपारी तशीच राहिली. ‘आन देवक?’

लग्नाच्या आधी घरात कुळाचं देवक बसवतात. कुणाचं झाडाचं पान असतं, कुणाचं पीस, कुणाची कुऱ्हाड. दोन घरांचं आडनाव आणि देवक एकच निघालं, तर ती घरं भाऊबंद ठरतात आणि त्यांच्यात लग्न होत नाही. हे न सांगता सहसा कुणी मुलगी देत नाही आणि घेत नाही. बाबा म्हणाले, ‘इचारून सांगतो.’ काका म्हणाला, ‘इचारा. आम्ही थांबतो. पोरगी चांगली हाय.’

विचारायला एकच माणूस उरलं होतं. आजोबांची धाकटी बहीण, बाबांची आत्या. आता जिथे मोठा आश्रम झाला आहे त्या हिवऱ्याच्या जवळ एका खेड्यात ती राहायची. बाबा आणि मी एस.टी.ने निघालो. बुलढाण्याचा घाट चढलो, चिखलीला गाडी बदलली, मेहकरच्या अलीकडे उतरून पुढे पायी गेलो. आत्या अंगणात अंबाडी सोलत बसली होती. दात नव्हते, कान शाबूत होते.

‘आडनाव?’ ती म्हणाली. ‘केस पांढरे झाले तुहे, अन् आता आडनाव इचारतं? इतके दिवस काय बिननावाचा फिरत होता काय रे बापा?’

‘बाबानं सांगितलंच नाही.’

‘तो कायले सांगते? भांडकुदळ होता. चार भावायनं एक बैल देला नाही, तं यानं नावच टाकून देलं.’

आणि तिने आडनाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. त्या बाजूला दर दोन-चार घरांआड तेच आहे, आणि ज्यांची ही गोष्ट आहे ती घरं अजून नांदती आहेत.

बाबांनी ते ऐकलं, आणि मग हलक्या आवाजात आपलं नाव, बापाचं नाव आणि पुढे ते आडनाव असं जोडून म्हणून पाहिलं. पुन्हा म्हटलं. पहिल्यांदा अंगात घातलेला सदरा माणूस खांद्याशी हात फिरवून पाहतो ना, तसे ते दिसत होते. मला वाटतं, साहेबाच्या नावाचा तोरा मिरवताना आपलं स्वतःचं काही असावं, ही इच्छा त्यांना आतून होतीच. माझ्या मात्र तोवर लक्षात आलं होतं. ते आडनाव बीबीच्या पाहुण्यांचं होतं.

‘बाबा,’ मी म्हटलं, ‘मास्तरांचं आडनाव…’

तिसऱ्यांदा नाव जोडता जोडता ते मध्येच थांबले.

आत्याला सगळं सांगितलं. तिने अंबाडीची काडी मोडली. ‘त्याच्यात काय? सांगू नका ना बे. कार्टर हाओत म्हना. लबाडी थोडीच हाये?’

‘काट्याले बोट लावलं तं कोनाले दिसत नाही, आत्या,’ बाबा म्हणाले. ‘पण मले तं माहीत राह्यते.’

‘मंग बस पोरगी घरात ठेवून.’

आत्या पुन्हा अंबाडी सोलायला लागली. मग बाबांनी विचारलं, ‘आपलं देवक कोन्तं?’

‘कळंबाचं पान. पण तुह्या बापाच्या लग्नात पान आननार कोन? भाऊ आलेच नाहीत. मी एकटी करवली. तं यानं बंडीची शिवळ उपसली, धुतली, अन् म्हने हेच माहं देवक. भटजी हासला. पण बसवली.’

बाबा माझ्याकडे पाहायला लागले. ‘माह्या लग्नातबी त्यानं तेच ठेवली होती. मले वाटलं, समद्याइच्याच घरी राह्यते.’

घरी परतल्यावर आईला सांगितलं. ताई दाराआड उभी होती, तिने ऐकलं. ती रडली नाही. बाबांपुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाबा, आडनाव तं माहं जाणारच हाये. कार्टर असो की कोन्तंबी. जे मले ठेवूच देणार नाही, त्याच्यापायी माहं लगन काऊन मोडता?’ बाबांनी टोपी उचलली. ‘मी बीबीले जातो,’ एवढंच ते म्हणाले. निघताना त्यांनी देव्हाऱ्यातली शिवळ काढून फडक्यात गुंडाळली.

मीही बरोबर गेलो. बीबीला त्या दिवशी बाजार होता. मुलाच्या घरी ओसरीवर घोंगडं अंथरलेलं. काका होता, मास्तर खाली मान घालून बसला होता, आणि मधोमध मास्तरचे आजोबा होते. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. बाबांनी काही राखून न ठेवता सांगितलं. गाव, भांडण, आडनाव, कळंब.

काकाने कपाळावर हात मारला. ‘आमचं बी कळंबच! म्हंजे भाऊ-बहीणच की हो ही दोघं!’

इथे मी तोंड घातलं. प्राध्यापकांचं सगळं सांगितलं. एक आडनाव म्हणजे एक रक्त नव्हे, इंग्लंडात गावोगाव कार्टर आहेत आणि ते एकमेकांचे कुणी नाहीत, आपल्याकडेही एवढ्या घरांचा मूळपुरुष एकच असणं हिशेबात बसत नाही. मला वाटत होतं मुद्दा चोख आहे.

काका म्हणाला, ‘तिकडचं तिकडं ऱ्हाऊ द्या, मालक. तिकडं चुलतबहिणीसंगट बी लगीन लावत्यात.’

मी मागे सरकून बसलो. ते खरंच होतं.

मग बाबांनी फडकं उलगडलं आणि शिवळ घोंगड्यावर ठेवली. ‘आडनाव तुमचंच होतं. पण माह्या बापाच्या लग्नात कळंब नव्हतं, हे होतं. माह्या लग्नातबी हेच. दसऱ्याले पूजा याचीच होते. मी खोटं बोलत नाही.’

‘हे देवक कुठल्या कुळाचं?’ काकाने विचारलं. थट्टेने नव्हे.

‘कार्टराचं,’ बाबा म्हणाले. ‘विलायतेत कार्टर म्हंजे बंडी हाकणारा. माह्या पोरानं शोधून काढलं.’

मास्तरच्या आजोबांनी शिवळ उचलली. कडेवरून अंगठा फिरवला, जिथे बैलाच्या मानेने लाकूड झिजवलेलं होतं. त्यांनीही जन्मभर गाडी हाकलेली असावी. त्यांनी ती उलटसुलट केली, वास घेतला आणि परत ठेवली.

‘वापरातली हाय,’ ते म्हणाले. ‘बनावट न्हाई.’ मग बाबांकडे पाहिलं. ‘हे बघ. हे तुझं देवक असंल तर तू आमचा भाऊबंद न्हाईस. आन भाऊबंद न्हाईस तर सोयरा व्हयाला हरकत न्हाई. पर मग ते आडनाव तुला घेता येनार न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई, तुझ्या पोराला बी न्हाई. आमच्या घरी कुनी गेलं तर तुला सुतक न्हाई. तुझ्या गावच्या भावकीत पंगतीला पान न्हाई. दोन्हीकडं पाय ठिवता येत न्हाई. इचार कर. घाई न्हाई.’

बाहेर बाजाराचा गलका चालू होता. बाबा शिवळीकडे बघत बसले. मला ते आत्याच्या अंगणातले दिसत होते, आडनाव आपल्या नावाला जोडून म्हणून पाहणारे. त्यांचे ओठ आताही हलल्यासारखे वाटले. वजन पुकारण्याआधी जसे थांबत तसेच ते थांबले होते, आणि त्या ओसरीवर एकानेही घाई केली नाही.

‘आडनाव मले परवा सापडलं,’ बाबा म्हणाले. ‘पोरगी वीस वर्सांपासून हाये. कार्टरच लिवा.’

मास्तरने पहिल्यांदा मान वर केली.

लग्न आमच्याच दारात झालं. शिवळ धुतली, हळद लावली, तिला मुंडावळ्या बांधल्या आणि देवक म्हणून बसवली. बीबीच्या बायकांना थट्टेला एवढं पुरलं. एक जण म्हणाली, ‘बया, यांच्या घरचा देव बी गाडीच हाकतोय!’ माझी आई मागे राहणारी नव्हती. ‘हो बाई,’ ती म्हणाली, ‘तुमचं तं नुसतं पान हाये. आमच्या देवानं बैल तं वळवले!’ मांडवातले सगळे हसले, काकाही हसला. भटजींनी संकल्पात काय आडनाव घेऊ म्हणून विचारलं. बाबांनी मोठ्याने सांगितलं, ‘कार्टर.’ ते इतकं मोठ्याने होतं की बाहेर वाढपी वळून पाहायला लागले.

त्यानंतर आजोबांच्या मूळ खेड्याची वाट आम्ही कधी धरली नाही. आत्या वारली तेव्हा बाबा गेले, पण तिच्या माहेरच्या भावकीत न बसता परक्या पाहुण्यांत बसून आले. हे त्यांनी सांगितलं ते एका वाक्यात, पुन्हा त्याबद्दल बोलले नाहीत. मी आजही कार्टर आहे. माझ्या लग्नात तीच शिवळ होती, आणि आता मुलीसाठी स्थळं पाहतो आहे तेव्हा देवक विचारणाऱ्याला सरळ शिवळ सांगतो. ऐकणारा चमकतो. काही जण पुन्हा येत नाहीत. एवढे गळतात असं धरूनच मी चालतो.

आता ताईच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचं सांगायचं राहिलं. ताई माहेरी आली होती. आई तिला तेल लावत होती, बाबा ओसरीवर बसले होते. त्यांनी ताईला हाक मारली. ती तेलकट केसांनी बाहेर आली.

‘तुहं नाव सांग बरं,’ बाबा म्हणाले. ‘सासरचं. पुरं.’

‘हे काय बाबा? तुम्हाले माहीत नाही?’

‘तू सांग.’

ताईने आपलं नाव सांगितलं, मास्तरांचं सांगितलं, आणि मग आडनाव. बाबांच्या बापाने टाकून दिलेलं, बाबांनी बीबीच्या घोंगड्यावर सोडून आलेलं. तिच्या तोंडून ते अगदी सहज आलं, रोजच्या वापरातलं झालेलं.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. काटा थांबायची वाट पाहत असल्यासारखे.

‘आखीन एकदा सांग,’ ते म्हणाले.